पोरं देवापासून नाही, आपल्यापासून लांब चाललीत

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर पूर्ण वाचा, नसेल तर सोडून द्या. पण अर्धी वाचून शिव्या देऊ नका, ही हात जोडून विनंती.

मुखेड तालुक्यातल्या कुठल्याही गावच्या सप्ताहाला जा. हरिनाम सप्ताह असो नाहीतर शिवनाम सप्ताह असो, कीर्तनात एक वाक्य ठरलेलं असतंय : "आजकालची पोरं देवाधर्माला मानत नाहीत." महाराज म्हणतात, समोर बसलेली साठीच्या पुढची मंडळी मान डोलावतात. कारणंही ठरलेली. मोबाईल, इंग्रजी शाळा, पिक्चर, कलियुग. पाच मिनिटांत निकाल लागतो. आरोपी पोरं, साक्षीदार म्हातारी माणसं, न्यायाधीश महाराज. आरोपीचं म्हणणं कुणी ऐकत नाही, कारण आरोपी मंडपात नसतोच. तो बाहेर कट्ट्यावर असतो, नाहीतर पुण्या-हैदराबादला कामावर असतो, नाहीतर नांदेडला एका खोलीत चौघं मिळून भरतीचा अभ्यास करत असतो.

आज त्या आरोपीची बाजू मांडायची आहे.

आधी एक गोष्ट साफ करू. लोक नास्तिक होत चाललेत का? कागदावर तर अजिबात नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात स्वतःला नास्तिक लिहून घेणारे जेमतेम ३३ हजार निघाले. त्यात महाराष्ट्रातले साडेनऊ हजारांवर. सव्वाशे कोटींच्या देशात एवढेच. प्यू रिसर्च सेंटरने सुमारे ३० हजार भारतीयांशी बोलून २०२१ मध्ये अहवाल काढला, त्यात ९७ टक्के लोक म्हणाले, आम्ही देव मानतो. म्हणजे कुणी "मी देव सोडला" म्हणून बोर्ड लावत नाही. मग महाराज खोटं बोलतात का? तेही नाही. महाराजांना जे दिसतंय ते खरं आहे. पोरगं वर्गणी देतंय, पण पारायणाला बसत नाही. कपाळाला गंध लावतंय, फोटो काढतंय, पण मनात काही नाही. माय म्हणती म्हणून नारळ फोडतंय. आत काहीतरी सुटलंय. भांडण न करता, आवाज न करता सुटलंय. आणि आवाज न करता जो जातो तो लवकर परत येत नाही.

आता सुटलंय कामून, ते बघू. आधी जी कारणं सांगितली जातात ती तपासू.

मोबाईलमुळं? मोबाईल तर महाराजांच्याही हातात आहे. कीर्तनं यूट्यूबवर लाखोंनी बघितली जातात. देवळातली आरती लाईव्ह चालते. मोबाईल श्रद्धा मारत असता तर सगळ्यात आधी कीर्तनाचे चॅनल बंद पडले असते.

अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांमुळं? आपल्या तालुक्यातल्या किती गावांत त्यांची सभा झाली सांगा. बोटावर मोजा. आणि ज्या कायद्याला "देवधर्म बुडवणारा कायदा" म्हणून झोडपलं, तो २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा एकदा वाचा. वारी, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, प्रवचन, पूजा यांना हा कायदा लागू नाही, असं त्यातच लिहिलंय. तो कायदा नरबळीच्या, अघोरी उपायांच्या आणि भूत उतरवतो म्हणून मारणाऱ्याच्या विरोधात आहे. त्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. पुढं २०२४ च्या मे महिन्यात कोर्टाने दोघांना जन्मठेप दिली. आता मला सांगा, वीस वर्षांच्या पोराच्या मनात श्रद्धा कशानं कमी झाली असेल? दाभोलकरांच्या भाषणानं, की त्यांच्या खुनानंतर "बरं झालं" म्हणणाऱ्यांच्या तोंडाकडं बघून?

संकटं आली म्हणून विश्वास उडाला? हे कारण मात्र नीट बघायला पाहिजे, कारण संकटाच्या बाबतीत आपला भाग कुणाला हार जाणारा नाही.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती विसर्जन करून लोक घरी येऊन झोपलेले. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावंच्या गावं दगडामातीच्या भिंतींखाली गेली. आठ ते दहा हजार माणसं गेली. देवाला निरोप देऊन आलेली माणसं. याच्यापेक्षा मोठा प्रश्न देवाला कुणी विचारू शकतो का? युरोपात १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणादिवशी, लोक चर्चमध्ये असताना पोर्तुगालचं लिस्बन शहर असंच भूकंपानं कोसळलं होतं. त्यावरून व्होल्तेरसारख्या लेखकांनी देवाच्या न्यायावरच सवाल केला आणि तिकडच्या विचारावर त्याचा कायमचा परिणाम झाला. आपल्याकडं काय झालं? पुनर्वसनाच्या गावात पत्र्याच्या शेडातून माणूस पक्क्या घरात गेला, आणि त्याच्या आसपासच देवळंही उभी राहिली. लोक देवावर चिडले, रडले, पण देव टाकला नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच तालुक्यात एका रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस झाला. लेंडी धरणाच्या भागातल्या हसनाळ, रावणगाव, भासवाडी या गावांत पाणी शिरलं. माणसं गेली, जनावरं दाव्याला मेली. त्या लोकांनी प्रश्न विचारले ते धरणाबद्दल, पुनर्वसनाबद्दल, सरकारबद्दल. बरोबर विचारले. माणसाला कळतंय कुठला प्रश्न देवाला विचारायचा आणि कुठला कलेक्टरला.

म्हणजे दुःखानं श्रद्धा जात नाही. उलट दुःखात माणूस देवाला जास्त धरतो. दुष्काळ, गारपीट, भूकंप, पूर सगळं पचवून जी श्रद्धा टिकली, ती आत्ता का गळायला लागली? कारण हा मार देवाचा नाही, माणसाचा आहे. देवाच्या नावानं बसलेल्या माणसाचा.

आता माझी कारणं सांगतो.

पहिलं कारण : हिशेब

गावात सप्ताहाची वर्गणी घरटी ठरते. दुबार पेरणी करणाऱ्याकडूनही घेतात, ऊसतोडीला गेलेल्याच्या म्हाताऱ्या बापाकडूनही घेतात. बाप देतो, कारण नाही दिलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. पैसा लाखात जमा होतो. मंडप, साऊंड, कीर्तनकारांचं मानधन, महाप्रसाद. ठीक आहे. पण शेवटी हिशेब कुठं लागतो? किती गावांत देवळाच्या भिंतीवर जमाखर्चाचा कागद चिटकवला जातो? पोरगं बी.कॉम. झालेलं असतंय. विचारतंय, "अप्पा, शिल्लक किती राहिली?" उत्तर येतंय, "देवाच्या कामात हिशेब विचारायचा नसतो." त्या क्षणाला काय होतंय माहिती आहे? त्याचा देवावरचा विश्वास जात नाही. "देवाचं काम" या शब्दावरचा विश्वास जातो.

गावचं सोडा. आपल्या घराघरांतली कुलस्वामिनी तुळजाभवानी. तिच्या सिंहासन दानपेटीच्या लिलावात १९९१ ते २००९ या काळात कोट्यवधींचा अपहार झाल्याचा आरोप झाला. सीआयडीची चौकशी झाली. तरी गुन्हा नोंदवा हे सांगायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला यावं लागलं, तेही २०२४ मध्ये. कुणाच्या पैशाचा हा खेळ? ज्या माउलीनं परडी घेऊन पाच घरं जोगवा मागितला आणि त्यातला रुपया पेटीत टाकला, तिच्या.

आणि रांग. देवाच्या दारात तरी सगळे सारखे, असं लहानपणी सांगितलं होतं. आता मोठ्या देवस्थानांत पैसे भरले की वेगळी रांग. तिरुपतीला ३०० रुपयांचं दर्शन, त्र्यंबकेश्वरला २०० रुपयांचं. आमदार आला की रांगच बंद. सहा-सात तास उभ्या राहिलेल्या म्हातारीच्या डोळ्यासमोरून चकाचक कपड्यातला माणूस दोन मिनिटांत आत जाऊन बाहेर येतो, गळ्यात हार घालून. तिच्यासोबत तिचा नातू उभा असतो. म्हातारी हात जोडती, "त्याचं पुण्य मोठं." नातू मात्र दुसरं काहीतरी शिकून घरी येतो.

दुसरं कारण : जात

"धर्मात सगळे एक" हे भाषण झालं की जेवणाच्या पंगतीकडं बघा. कोण वाढतंय, कोण उष्टी पत्रावळ उचलतंय, कोण सगळ्यात शेवटी बसतंय, ते बघा. सांगायची गरज नाही, आपल्या सगळ्यांना माहिती आहे.

२०२२ च्या फेब्रुवारीत निलंगा तालुक्यातल्या ताडमुगळीची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. दलित तरुण हनुमान मंदिरात गेले, नारळ फोडला, आणि त्यावरून वस्तीवर बहिष्कार टाकल्याची तक्रार झाली. पोलीस, तहसीलदार, समेटाची बैठक, सगळं झालं. १९२२ नाही, २०२२. मारुतीरायाच्या दारात नारळ फोडणारं पोरगं श्रद्धाळू होतं की नास्तिक? श्रद्धाळूच होतं ना! तुमच्याच देवाकडं आलं होतं. त्याला बाहेर कुणी काढलं? मोबाईलनं?

महाराष्ट्रात लोकांनी एकदाच मोठ्या संख्येनं धर्म सोडला, ते जरा आठवा. नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. मागणी काय होती? रामाचं दर्शन. दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतरही एकवीस वर्षं गेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी बुद्धाची वाट धरली. सव्वीस वर्षं वेळ होता दार उघडायला. तेव्हा मोबाईल नव्हता, इंटरनेट नव्हतं, इंग्रजी शाळा गावात नव्हती. होतं फक्त बंद दार.

ही गोष्ट फक्त हिंदूंची समजू नका. धर्म कुठलाही असो, जिथं उपदेश बरोबरीचा आणि वागणूक उतरंडीची असते, तिथलं शिकलेलं पोर असंच गप्प गप्प मागं सरकतं.

तिसरं कारण : बाया

सप्ताहात पुढं कोण बसतंय? बाया. पहाटे काकड्याला कोण येतंय? बाया. हजार माणसांच्या भाकरी कोण थापतंय? बाया. कमिटीत किती बाया आहेत? शून्य.

त्यात काही कीर्तनकारांचा धंदा बायांच्या टिंगलीवर चालतो. सुनेवर विनोद, जीन्सवर विनोद, मोबाईलवर बोलणाऱ्या पोरीवर विनोद. मंडप हसतो. पहाटे साडेचारला उठून पोलीस भरतीसाठी मैदानावर पळणारी पोरगी तिथं आईशेजारी बसलेली असते. ती हसत नाही. पुढच्या वर्षी ती येत नाही. मग महाराज म्हणतात, पोरी बिघडल्या.

आणि सगळ्यात जास्त जीवाला लागणारी गोष्ट. २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, ही विभागीय आयुक्तालयाची आकडेवारी. त्यांच्या मागं राहिलेल्या बाया पंचवीस-तीस-पस्तिशीच्या. नवरा कर्जानं गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून धर्मानं हिलाच अपशकुनी ठरवलं. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, ओटी नाही, पोटच्या लेकीच्या लग्नात हळद लावायला पुढं यायचं नाही. तिचं दहा वर्षांचं लेकरू हे सगळं कोपऱ्यात उभं राहून बघतंय. ते लेकरू उद्या मोठं होऊन तुमच्या मंडपात टाळ घेऊन उभं राहील, अशी अपेक्षा तुम्ही कुठल्या तोंडानं करता?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव घेतला. सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्या गावात तो ठराव झाला का? झाला असेल तर ग्रामसभेच्या रजिस्टरच्या बाहेर आला का? एका तरी महाराजांनी कीर्तनात त्यावर दहा मिनिटं दिली का? दिली असतील तर मी त्यांच्या पाया पडायला तयार आहे.

चौथं कारण : झेंडे आणि डीजे

मंडपाच्या कमानीवर देवाचा फोटो एक फूट, भावी आमदाराचा सहा फूट. कीर्तन मध्येच थांबवून साहेबांचा सत्कार. साहेबांच्या हस्ते आरती. ज्या साहेबांवर अख्खा तालुका काय काय बोलतो, त्यांच्या हस्ते. पोरं येडी नाहीत. त्यांना कळतंय की देव इथं स्टेज आहे, आणि कार्यक्रम दुसराच चाललाय.

मिरवणुकीचं तर बोलायलाच नको. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे. डीजेच्या भिंतीपुढं दवाखान्यातला पेशंट तडफडतोय, बारावीचं लेकरू कानात बोळे घालून बसलंय. तक्रार केली की "धर्माच्या आड येतोस का?" मग लोक तक्रार करायचं सोडून देतात. मनातल्या मनात आणखी एक पाऊल मागं सरकतात.

पाचवं कारण : प्रश्न

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पोरगं दहावी-बारावीत सायन्स शिकतंय. घरी येऊन विचारतंय, हे असं का, ते तसं का. पूर्वी आजोबा काहीतरी गोष्ट सांगायचे, नाहीतर सरळ म्हणायचे, "बाबा, मला नाही माहिती." आता प्रश्न विचारला की शिक्का बसतो. नास्तिक, पुरोगामी, धर्मद्रोही. व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकतात.

अरे, ज्या मातीत आपण राहतो तिथं देवाशी भांडायची परंपरा आहे! नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडची, दोघंही आपल्याच भागातले. जनाबाई दळता दळता विठोबाला एकेरीत झापायची, त्याला शिव्या घालायची. सातशे वर्षं झाली, तिला कुणी नास्तिक म्हणालं नाही, संत म्हणाले. मोलकरणीला देवाला जाब विचारायचा हक्क ज्या धर्मानं दिला, त्या धर्मात आज ग्रॅज्युएट पोराला कमिटीच्या अध्यक्षाला जाब विचारायचा हक्क नाही. मग तो जाणार नाही तर काय करणार?

आता कुणी म्हणेल, "तुमचं काहीतरीच. उलट देवळातली गर्दी तर वाढलीय! माळेगावच्या जत्रेला जा, माहूरला जा, तुळजापूरला नवरात्रात जा, पाय ठेवायला जागा नाही."

खरं आहे. गर्दी वाढलीय. रस्ते झाले, गाड्या झाल्या, सुट्टीत एक दिवस देव आणि एक दिवस धबधबा असा कार्यक्रम ठरतो. आणि दुसरं म्हणजे भीती वाढलीय. सोयाबीनला भाव नाही, तिशी ओलांडली तरी शेती करणाऱ्या पोराला पोरगी मिळत नाही, भरतीच्या तारखा पुढं जातात, पेपर फुटतात. घाबरलेला माणूस देवाकडं जातो, ज्योतिषाकडंही जातो, अंगारा देणाऱ्या बाबाकडंही जातो. कुणाचा तरी गुण येईल म्हणून सगळीकडंच जातो. याला श्रद्धा म्हणायचं का? गर्दी मोजता येते, श्रद्धा मोजता येत नाही. श्रद्धेची खूण एकच, देवळातून बाहेर आलेला माणूस आत गेला होता त्यापेक्षा थोडा बरा होऊन यावा. तेवढं होतंय का बघा.

आता एक उलटं उदाहरण देतो. येळवस.

लातूर, उदगीर, जळकोटाकडं आणि आपल्या त्या बाजूच्या गावांत येळवशीला काय होतंय? गाव ओस पडतंय. सगळे शेतात. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव. आंबील, भज्जी, उंडे. जो बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. पुण्या-मुंबईचं पोरगं दिवाळीला नाही आलं तर नाही आलं, येळवशीला रजा काढून येतंय. लातूर जिल्ह्यात तर कलेक्टर स्थानिक सुट्टी देतात. तिथं कुणी कीर्तनातून ओरडत नाही की पोरं येत नाहीत. कारण पोरं येतातच!

का येतात? तिथं पुजारी नाही, दक्षिणा नाही, रांग नाही, व्हीआयपी नाही, बॅनर नाही, माईक नाही. तिथं घाबरवत नाहीत. घरची बाई पूजा करते, आणि जेवण सगळ्यांना. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलं की असंच वाटतं. कोण आहेस, कुठल्या जातीचा, कुणी विचारत नाही. ताट घे, पंगतीत बस. तिथनं आलेलं कुठल्याही जातीधर्माचं पोरगं वाईट बोलताना मी ऐकलं नाही. म्हणजे पोरांना श्रद्धेचा कंटाळा नाही. लुबाडण्याचा आणि हिणवण्याचा कंटाळा आलाय.

आणि आपल्याकडं असं चांगलं कुणी करून दाखवलंच नाही असंही नाही. उदगीर-भालकी ओलांडलं की बसवकल्याण. बाराव्या शतकात तिथं बसवण्णांच्या शरणांनी चांभार हरळय्याच्या मुलाचं आणि ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न लावलं. त्या लग्नापायी हरळय्या आणि मधुवरसाचा जीव गेला, कल्याणची चळवळ विखुरली, पण कुणी माघार घेतली नाही. आपण आज बसवजयंतीला मोठी मिरवणूक काढतो. आंतरजातीय लग्न केलेलं एक जोडपं त्या मिरवणुकीच्या पुढं चालवायची हिंमत आहे का आपल्यात?

साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस पंढरपुरात उपोषण केलं, विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून. देवासाठी नाही, देवाच्या दारात उभ्या माणसासाठी उपाशी राहिले. गाडगेबाबा कीर्तनाआधी खराटा घेऊन गाव झाडायचे. आणि आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. भगव्या कपड्यात निजामाच्या तुरुंगात गेले. त्यांना बघून त्या काळच्या पोरांनी शाळा सोडल्या, लढ्यात उड्या घेतल्या. त्या भगव्याकडं पोरं ओढली गेली, कारण तो भगवा सत्तेच्या विरोधात उभा होता. आजचा भगवा, हिरवा, निळा सगळाच सत्तेच्या मांडीवर बसलेला दिसतो, मग पोरं कशाला बघतील?

नुसतं बोलून उपयोग नाही. येत्या हंगामात ज्या गावांत सप्ताह आहे, त्या कमिट्यांना माझ्या साध्या मागण्या आहेत. एकालाही पैसा लागत नाही.

१. सप्ताह संपल्यावर आठ दिवसांत पै-पैचा जमाखर्च देवळाच्या भिंतीवर आणि गावच्या ग्रुपवर टाका. कीर्तनकाराचं मानधनही लिहा.

२. कमानीवर, मंडपात एकाही पुढाऱ्याचा फोटो नको. साहेबांना यायचं असेल तर सतरंजीवर बसतील, सगळ्यांसारखे.

३. कमिटीत निम्म्या बाया घ्या. एका दिवसाच्या आरतीचा मान गावातल्या विधवा बायांना द्या. आणि वाढायला, जेवायला सगळ्या वस्त्या एका पंगतीत.

४. कीर्तनकाराला सुपारी देतानाच सांगा : आमच्या लेकीसुनांची टिंगल इथं चालणार नाही.

५. सातपैकी एक संध्याकाळ प्रश्नांची ठेवा. पोरं विचारतील, महाराज उत्तर देतील. नाही आलं उत्तर तर "मला माहिती नाही" म्हणतील. त्यानं महाराजांची किंमत कमी होणार नाही, वाढेल.

६. गावात आत्महत्या झालेल्या घराचं एक लेकरू त्या वर्षी गावानं शिकवायचं. एका दिवसाच्या मंडपाच्या रोषणाईत ते होतंय.

यातल्या कुठल्या गोष्टीनं धर्म बुडतो ते मला सांगा. मी ऐकायला तयार आहे.

आणि हे सगळं जमत नसेल, तर निदान पोरांना शिव्या देणं थांबवा. ती गेली नाहीत, बाहेर थांबलीत. आतला माणूस बदलतो का, ते बघत.

ज्या गावची कमिटी पहिल्यांदा जमाखर्च भिंतीवर लावेल, तिचा फोटो मला पाठवा. त्या गावाचं नाव इथं लिहीन, आणि पुढच्या वर्षीची माझी वर्गणी त्याच गावाला, माझं गाव नसलं तरी.